प्रूइट सरांनी जमवलेली गर्दी

"आम्ही हरणार, हे ठरलेलंच आहे," मर्लिस म्हणाली. "पण शनिवारी मॅचला तुम्ही माझ्याबरोबर चालाल का, सर?"

प्रोफेसर लेलंड प्रूइट यांच्या तोंडात त्या वेळी अर्धं सँडविच होतं. ते घाईघाईने गिळण्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मर्लिसला वाटलं सरांना गहिवरून आलं. खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकलं नव्हतं. बायको दातांच्या डॉक्टरबरोबर ॲरिझोनाला निघून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून 'माझ्याबरोबर चला' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. एकदा विमानतळावर सुरक्षारक्षक म्हणाला होता, पण त्याचा सूर वेगळा होता.

प्रूइट सर ऑस्टरमन विद्यापीठात अक्कादी भाषेचं व्याकरण शिकवायचे. अक्कादी ही मातीच्या विटांवर खिळ्यांसारख्या खुणा करून लिहायची भाषा. ती बोलणारा शेवटचा माणूस जाऊन दोन हजार वर्षं झाली, त्यामुळे सरांचा उच्चार चुकतो असं आजवर कुणी म्हणू शकलेलं नाही. वर्गात तीन विद्यार्थी, आणि सर्दीच्या दिवसांत एकच. ती एक म्हणजे मर्लिस ओडेगार्ड. नॉर्थ डकोटाची मुलगी, इतकी उंच की वर्गात शिरताना सवयीने वाकायची, दार कितीही मोठं असलं तरी.

ही मर्लिस बास्केटबॉल खेळते हे सरांना त्याच दिवशी कळलं. आपल्या विद्यापीठाला बास्केटबॉलची टीम आहे, हेही त्याच दिवशी.

"चालायचं म्हणजे कुठे?"

"मैदानाच्या कडेपासून मधोमध. सीनियर नाईट असते ना. शेवटच्या वर्षाच्या मुलींना आईवडील हाताला धरून मध्यापर्यंत नेतात, नाव पुकारतात, फुलं देतात, लोक टाळ्या वाजवतात. माझे बाबा काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतात. फेब्रुवारीत ते निघाले तर अख्खी काउंटी घरात अडकेल. आणि आई बाबांशिवाय कुठे जात नाही."

"बाकीच्या मुलींचे आईवडील?"

"बाकीच्या मुलीच नाहीत, सर. शेवटच्या वर्षाला मी एकटीच. एकीची मेडिकलची परीक्षा, एकीचा प्रबंध, एक बँकेत काम शिकायला गेली. सगळ्या सोडून गेल्या." ती हसली. "तुम्ही लाजू नका. बघायला कुणी नसतंच. एक व्होंडा आजी असतात, विणकाम घेऊन."

"व्होंडा श्लेगल? त्या माझ्या शेजारी राहतात!"

"मग झालं. प्रेक्षकांशी तुमची ओळख आहेच."

आता इथे शहाण्या माणसाने 'हो, येतो' म्हणावं आणि उरलेलं सँडविच खावं. पण चार वर्षं ही पोर त्या रिकाम्या हॉलमध्ये चेंडू आपटत होती, आणि त्या आवाजाला उत्तर म्हणून फक्त विणकामाच्या सुया वाजत होत्या, हे चित्र सरांच्या डोळ्यांपुढे आलं आणि कुठेतरी स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. ते उठून उभे राहिले. कोटावरचे पावाचे कण झटकले.

"मर्लिस," ते म्हणाले, "शनिवारी हॉल भरलेला असेल."

"कशाने?" मर्लिसने निरागसपणे विचारलं.

संध्याकाळी दारातला बर्फ काढता काढता त्यांनी ही गोष्ट कुंपणापलीकडे सांगितली. व्होंडाबाई शाळेच्या खानावळीतून निवृत्त झालेल्या. आवाज अजून तोच, तीनशे पोरांना एका दमात रांगेत उभं करणारा.

"अहो प्रोफेसर, तुम्ही माणसं जमवणार? तुमच्या वाढदिवसाला मी एकटी होते. आणि तीसुद्धा केकचा वास आला म्हणून."

"तो वैयक्तिक कार्यक्रम होता."

"बसवणार कुठे त्यांना? हॉलमध्ये आपल्या बाजूला एक बाक आहे. एक! आणि त्याचा एक पाय मी विटेवर टेकवलाय. आधी बाकड्यांचं बघा, मग माणसांचं."

दुसऱ्या दिवशी सर हॉलमध्ये गेले. कोच रेंफ्रो म्हणजे एक थकलेला, सज्जन गृहस्थ होता. गळ्यातली शिट्टी तो अधूनमधून अशी चाचपायचा, जणू तीही सोडून जाईल. त्याने भिंत दाखवली. भिंतीत पायऱ्यापायऱ्यांची बाकडी होती, ओढली की बाहेर येणारी, पाचशे माणसं सहज बसतील अशी.

"मग ओढा की!"

"पुढे काय रचलंय ते बघा, सर."

बाकड्यांच्या पुढे, पार छतापर्यंत, काळ्या कापडी बांधणीतली जाडजूड पुस्तकं रचलेली होती. सरांनी एकावरची धूळ फुंकली. जर्मन भाषेतलं, कापडाच्या रंगांच्या रसायनशास्त्राचं नियतकालिक होतं. लायब्ररीत जागा संपली तेव्हा 'तात्पुरतं' म्हणून इथे आणलं होतं. ते तात्पुरतं कोच नोकरीला लागण्याच्या आधीपासून चालू होतं.

"मी दरवर्षी अर्ज करतो," कोच म्हणाला. "ते दरवर्षी माझं शुद्धलेखन सुधारून परत पाठवतात."

सर तडक लायब्ररीत गेले. तिथे मिस ओटिली गेज बसायच्या. त्यांच्यापुढे विद्यापीठाचे अध्यक्षसुद्धा खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचे.

"जागेच्या समितीची बैठक एप्रिलमध्ये आहे," मिस गेज कुजबुजल्या. त्या घरीसुद्धा कुजबुजत असाव्यात.

"मॅच शनिवारी आहे."

"कसली मॅच?"

"बास्केटबॉलची."

मिस गेजनी हे 'गोवराची साथ' असं काहीतरी ऐकल्यासारखं ऐकलं. "प्रोफेसर, गैरसोयीचं होतंय म्हणून ग्रंथ हलवता येत नाही. ग्रंथ हलतो तो एकाच कारणाने. वाचकाने मागितला तर."

सर दारापर्यंत गेले. तिथे थांबले. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात की डोक्यात दिवा पेटतो, आणि उजेड पडेपर्यंत घराला आग लागलेली असते. ते परत फिरले.

"मला तो ग्रंथ हवा आहे."

"कितवा खंड?"

"सगळे."

मिस गेजनी चष्मा काढला. "तुम्हाला जर्मन येतं?"

"कामापुरतं."

"आणि कापडाच्या रंगात रस आहे?"

"अलीकडेच निर्माण झालाय," सर म्हणाले, आणि खोटं बोलताना घालतात तशी बोटांची अढी पाठीमागे लपवली.

प्राध्यापकाला हवे तितके ग्रंथ न्यायची मुभा आहे, आणि ऑस्टरमनमध्ये एक वेळ नैतिकतेचा नियम मोडेल, पण लायब्ररीचा मोडत नाही. गुरुवारी सकाळी लायब्ररीची गाडी खेपा घालू लागली. विभागातल्या खोलीत ठेवू देईनात, कारण मजल्याला एवढं वजन पेलणार नव्हतं. म्हणून सगळं रंगशास्त्र सरांच्या घरी आलं. आधी बैठकीची खोली भरली. मग जिन्याच्या पायऱ्या. मग पलंगाची एक बाजू, जी तशीही वापरात नव्हती. न्हाणीघरातल्या टबातही एक शतक बसलं.

कुंपणावरून व्होंडाबाई ओरडल्या, "अहो प्रोफेसर, घर सोडताय की धरण बांधताय?"

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. सरांना वाटलं, कुणीतरी आलं! खरंच आलं होतं. रसायनशास्त्राचा एक फिकट विद्यार्थी. त्या नियतकालिकाचा एक खंड त्याला हवा होता. किती तरी वर्षांत तो खंड कुणी मागितला नव्हता, आणि नेमका आत्ताच तो प्रूइट सरांच्या नावावर होता. मिस गेजनी पत्ता दिला होता. सरांनी अतिशय आनंदाने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, डब्यातलं टोमॅटो सूप दोघांसाठी गरम केलं, दोन वाट्या काढल्या. दुसरी शोधायला वेळ लागला. मुलाने दोन तास वाचलं. सूप गार झालं. उठताना तो एकच वाक्य बोलला. "शेवटचं पान कुणीतरी दुमडलंय." आणि गेला. सर त्या वाक्याचा बराच वेळ विचार करत बसले. उत्तर काय द्यायला हवं होतं, म्हणजे तो आणखी थोडा थांबला असता?

असो. बाकडी मोकळी झाली. आता माणसं.

त्यासाठी सर तत्त्वज्ञानाच्या फिस्ककडे गेले. प्रोफेसर फिस्कचं मत कुणीही न विचारता मिळायचं. विचारून मिळालं की ते जरा लांबायचं.

"लेलंड, तू आमच्या पोरांना ओळखत नाहीस. ती खेळाला येणार नाहीत. त्यांच्या घरी त्यांना लहानपणापासून सांगितलंय, की पळायचं ते बस चुकत असेल तरच. पण व्याख्यानाला येतील. कशावरही ठेव. आणि पिझ्झा ठेव. व्याख्यान म्हणजे पिझ्झा खाण्याचं नैतिक कारण, एवढंच."

"म्हणजे मॅचच्या आधी व्याख्यान?"

"आधीच. नंतर ठेवलंस तर ती मॅच संपल्यावर येतील."

पिझ्झासाठी डीनचं कार्यालय. तिथल्या बाईंनी समजावलं की विद्यापीठाचा पिझ्झा केवळ शैक्षणिक कार्यक्रमाला मिळतो. शैक्षणिक कार्यक्रम म्हणजे ज्याला विषय आहे, प्रश्नोत्तरं आहेत, आणि संपायची वेळ आहे तो.

"विषय, 'प्राचीन मेसोपोटेमियातील कुस्ती आणि तिचे प्रेक्षक'," सर म्हणाले. "त्यानंतर प्रात्यक्षिक."

"कुस्तीचं?"

"साधारण त्याच प्रकारचं. चेंडू असतो."

"किती वाजता संपणार?"

सरांनी हिशेब केला. दोनला व्याख्यान, मग मॅच. "चार."

"आणि लांबलं तर?"

हा प्रश्न सरांनीच विचारला. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी उद्या रविवारनंतर सोमवार आला नाही तर काय, असं विचारलं होतं. "ऑस्टरमनमध्ये कार्यक्रम लांबत नाहीत, प्रोफेसर."

एकच छोटीशी अडचण कोचने सांगितली. चालण्याचा समारंभ मॅचच्या आधी असतो, आणि ती वेळ तर आता व्याख्यानाने घेतली. "मग चालणं मॅचनंतर ठेवू?"

"काही हरकत नाही," सर उदारपणे म्हणाले. "नंतर तर अजून रंगेल."

व्होंडाबाईंनी त्यांना प्रेक्षकांचं काम शिकवलं. म्हणजे ओरडायचं कधी आणि गप्प बसायचं कधी. "नीट ऐका. फाऊल झाला की रेषेवर एकटीने उभं राहून चेंडू बास्केटमध्ये टाकायला मिळतो, त्याला फ्री थ्रो म्हणतात. आपली मुलगी टाकत असेल तर हूं की चूं नाही. समोरची टाकत असेल तर घर डोक्यावर घ्यायचं. तिचा नेम चुकला पाहिजे."

"पण हे असभ्यपणाचं आहे."

"मॅच आहे, प्रार्थना नाही!"

शनिवार उजाडला. आणि सांगायला नवल वाटतं, गर्दी आली! अशी आली की पिझ्झा दारातच संपला, आणि ज्यांना मिळाला नाही ते निदान व्याख्यान तरी पदरात पडावं म्हणून आत शिरले. बाकडी भरली. वह्या उघडल्या गेल्या. पलीकडच्या छोट्या बाजूला पाहुण्या टीमचे, म्हणजे सेंट ऑस्मुंड कॉलेजच्या मुलींचे आईबाप बसले होते. गुरांच्या गळ्यात बांधतात तशा घंटा आणि झाकणाच्या भांड्यांतून घरचा खाऊ घेऊन ते आले होते. समोर पाचशे माणसं वह्या घेऊन बसलेली बघून त्यांच्या घंटा वाजायच्या थांबल्या.

सरांचं व्याख्यान फार छान झालं. एका मुलीने तीन भागांचा प्रश्न विचारला. आयुष्यभर ज्या माणसाला तीन श्रोते, त्याला तीन भागांचा प्रश्न! व्यासपीठावरून उतरताना सरांचे पाय जमिनीला लागत नव्हते. खेळाडूंच्या बाकावर मर्लिस बसली होती, ती पाचशे लोकांकडे बघत होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. सरांनी तिला हळूच हात केला. कसं?

मग प्रात्यक्षिक सुरू झालं.

पहिल्यांदा रेफरीने शिट्टी वाजवली तेव्हा प्रश्नोत्तरं सुरू झाली असं समजून अठरा-वीस हात वर झाले. रेफरी बिचारा गोंधळला. फाऊल करणाऱ्याने हात वर करायचा असतो, त्यामुळे त्याला वाटलं सगळ्यांनी फाऊल केलाय. मधल्या विश्रांतीला लोकांनी टाळ्या वाजवून घड्याळं पाहिली. पण खरा घोळ फ्री थ्रोचा. सरांनी व्होंडाबाईंचा नियम बाकड्यांवर सांगून ठेवला होता, तो फिस्कपर्यंत पोचला, आणि तिथे त्याची तपासणी झाली.

"थांबा," फिस्क उभा राहून म्हणाला, "जो आपला नाही त्याला एकाग्र होताना त्रास द्यायचा, आणि जो आपला आहे त्याला आपण आहोत हे कळूच द्यायचं नाही? याला तर्क म्हणतात? प्रोत्साहन आपल्याला, शिष्टाचार पाहुण्यांना!"

मागच्या तीन ओळींनी मतदान केलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

म्हणजे पाहुण्यांची मुलगी रेषेवर आली की अख्खं ऑस्टरमन श्वास रोखून बसायचं. एखाद्याने वहीचं पान उलटलं तर शेजारी डोळे वटारायचे. तिचा चेंडू अलगद आत जायचा. आणि मर्लिस रेषेवर आली की...

मर्लिस चार वर्षं शांततेत नेम धरत आली होती. चेंडूचा ठणका, स्वतःचा श्वास, फार तर सुयांची टकटक. एवढ्या सामानावर तिचा संसार चालला होता. आता ती रेषेवर उभी राहिली आणि पाठीमागे पाचशे माणसं एकदम ओरडली, "मर्लिस!" तिने चेंडू फेकला. तो बास्केटला लागला नाही, फळीला लागला नाही, थेट सेंट ऑस्मुंडच्या एका आईच्या मांडीवरच्या बटाट्याच्या भांड्यात गेला.

गर्दीला वाटलं, प्रोत्साहन कमी पडलं. पुढच्या वेळी जास्त ओरडली.

"प्रोफेसर!" कोच रेंफ्रो बाकावरून किंचाळला. बोलणं संपल्यावर त्याला आठवलं की आपल्याकडे शिट्टी आहे, म्हणून त्याने तीही वाजवली. "तुमची माणसं घरी पाठवा हो!"

सर बाकड्यांवर चढले, उतरले, परत चढले. "गप्प बसा! ती खेळते तेव्हा गप्प बसा!"

"लेलंड," फिस्क दुखावून म्हणाला, "उत्साह दाखवा असं तूच म्हणाला होतास. आता आम्ही उत्साहात आहोत तर तू मध्येच भूमिका बदलतोस."

मर्लिसने एकदाच वर पाहिलं. रागाने नव्हे. आपल्या घरात शिरावं आणि तिथे लांबचे पाचशे नातेवाईक जेवायला बसलेले असावेत, तसं पाहिलं. आपण पोरीला गर्दी दिली नव्हती. तिच्याकडे होती नव्हती ती एकच गोष्ट काढून घेतली होती, आणि वर तिला हातही केला होता.

शेवटचे काही सेकंद उरले. ऑस्टरमन एका गुणाने मागे. मर्लिसला फाऊल झाला. दोन फ्री थ्रो.

पहिला गर्जनेत वाहून गेला.

मग प्रूइट सर धावत मैदानाच्या कडेला गेले, गर्दीकडे तोंड केलं, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी मिस गेज करतात तेच केलं. ओठांवर बोट ठेवलं.

अहो, काय सांगू! पाचशे माणसं एका क्षणात मिटली. लहानपणापासून जिच्यात वाढले ती खूण होती ती. कुणाचं नाक वाजलं नाही. सेंट ऑस्मुंडच्या लोकांनीसुद्धा घाबरून घंटांचे लोलक मुठीत धरले. त्या शांततेत मर्लिसने चेंडू तीनदा आपटला. ठण. ठण. ठण. आणि टाकला.

आत गेला. बरोबरी! म्हणजे जादा वेळ खेळायचा.

आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. मनापासून, अगदी उभं राहून. मग वह्या बंद झाल्या, पिशव्या खांद्यांवर चढल्या, आणि ऑस्टरमन विद्यापीठ शिस्तीत दोन दारांतून बाहेर पडू लागलं.

सर दारात हात पसरून उभे राहिले. "अहो, संपलं नाही! बरोबरी झालीय! पाचच मिनिटं!"

"चार वाजले, सर," तीन भागांचा प्रश्न विचारणारी मुलगी नम्रपणे त्यांच्या हाताखालून वाकून गेली. "खूप छान होतं. याची संदर्भसूची मिळेल का?"

"अरे पण कोण जिंकलं ते बघायचं नाही तुम्हाला?"

"निकाल छापून येतोच की," कुणीतरी म्हणालं.

फिस्कने जाता जाता त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "शेवट तू मला सोमवारी सांग. फार गुंतागुंतीचा नसेल तर."

हॉल रिकामा झाला. लाऊडस्पीकरवर नावं पुकारणारा मुलगासुद्धा गेला, त्याचीही वेळ चारपर्यंतच होती. बाकड्यांवर पिझ्झ्याच्या कडा राहिल्या, एक विसरलेली टोपी, आणि मधोमध, लोकरीचा गोळा मांडीवर घेऊन, व्होंडाबाई.

"बसा प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे आज बाक तरी चांगलं मिळालं."

जादा वेळ सुरू झाला. आणि आता सांगतो ते खरंच झालं, पण ऑस्टरमनमध्ये कुणाला सांगून पटलेलं नाही, कारण आपल्या बाकड्यांवर व्होंडाबाई आणि सर सोडले तर साक्षीदारच उरला नव्हता. मर्लिसने मान हलवून कानात पाणी गेल्यासारखं काहीतरी झटकलं. मग तिला चेंडू मिळाला. टाकला, आत. परत मिळाला. परत आत. लांबून टाकला, आत. त्या मोठ्या रिकाम्या खोलीत तिच्या बुटांचा आवाज सगळीकडून येत होता, जणू दहा मर्लिस पळतायत. फाऊल झाला, रेषेवर आली, आणि दोन्ही आत गेले ते जाळीला न हलवता. सेंट ऑस्मुंडचे लोक आधी ओरडत होते, मग नुसतेच बघत राहिले.

ऑस्टरमन जिंकलं! सगळ्या मोसमात पहिल्यांदा. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडल्या, आणि तो आवाज छतापर्यंत जाऊन एकटाच परत आला.

मग समारंभ. पण तोवर गावाजवळच्या सरोवरावरून बर्फाचं वादळ येतंय म्हणून पाहुणे आपली भांडी घेऊन बसकडे पळाले. टीममधल्या पोरी ओल्या केसांनी पळाल्या, कारण सहा वाजता त्यांची सेंद्रिय रसायनशास्त्राची परीक्षा होती. ती ह्याच हॉलमध्ये होती. म्हणून मैदानावर दोन माणसं टेबलं मांडायला लागली होती. एक टेबल, एक खुर्ची. एक टेबल, एक खुर्ची.

"घाई करा, सर," कोच म्हणाला. त्याने मर्लिसच्या हातात फुलं दिली, स्वतः माइकपाशी गेला, आणि घसा खाकरला. "मर्लिस ओडेगार्ड! मायनट, नॉर्थ डकोटा. चार वर्षं." तो थांबला. नातं काय सांगायचं ते त्याला सुचेना. "आणि सोबत... सोबत प्रूइट सर."

सरांनी कोपर पुढे केलं. मर्लिसने त्यात हात घातला. त्यासाठी तिला जरा वाकावं लागलं.

"किती वेगाने चालायचं असतं?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"बाबा सावकाश चालले असते. त्यांना ट्रकची सवय आहे."

ते टेबलांमधून वाट काढत चालले. एका ठिकाणी खुर्ची आडवी आली, ती सरांनी बाजूला केली. व्होंडाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, खानावळीतल्या तीनशे पोरांना पुरतील इतक्या जोरात, पण दोनच हात होते त्यांना.

"मर्लिस," सर म्हणाले, "ती गर्दी... मला वाटलं होतं की..."

"चांगली होती गर्दी, सर," मर्लिस म्हणाली. "गेली तेव्हा तर फारच चांगली होती."

सर हसले. मग त्यांना हसू आवरेना, आणि मग चष्मा पुसावा लागला, तो त्यांनी एका हाताने कसाबसा पुसला, कारण दुसरा हात गुंतलेला होता.

मैदानाच्या मधोमध पोचले तर तिथे टेबल मांडलेलं. टेबलं मांडणारा माणूस म्हणाला, "ओ साहेब, जरा सरका." मग त्याने फुलं पाहिली, टोपी काढली, आणि टोपीचं आता काय करावं ते न कळून परत घातली.

"पुढे काय असतं?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. मी आल्यापासून दर वर्षी सीनियर नाईट असायची, पण शेवटच्या वर्षापर्यंत उरलेलं कुणी नसायचं. इथपर्यंत कुणी आलंच नाही."

मग ते दोघं उभे राहिले. कोचने माइक बंद केला. बाजूला एक टेबल, एक खुर्ची. एक टेबल, एक खुर्ची.

"अहो प्रोफेसर!" व्होंडाबाई वरून ओरडल्या. "सोडा आता पोरीला! अंघोळ करायचीय तिला, सहाला परीक्षा आहे तिचीही!"

"सोडते हं, सर," मर्लिस म्हणाली.

"हो, हो, जा ना," सर म्हणाले.

तिने हात काढून घेतला, फुलं छातीशी धरली, आणि टेबलांमधून मोठ्या ढांगा टाकत, दारात सवयीने वाकून, ती निघून गेली. टेबलं मांडणाऱ्यांनी प्रूइट सरांना एकदा डावीकडून वळसा घातला, एकदा उजवीकडून. सर तिथेच उभे होते, कोपर तसंच पुढे धरून.